बंद घर आणि उभे वाहन : चोरी कशी होते, बंदोबस्त कसा करावा

घरफोडीच्या बातमीत एक वाक्य ठरलेले असते : ‘बंद घराच्या दाराचा कडी-कोयंडा तोडून चोरट्यांनी आत प्रवेश केला.’ वर्षानुवर्षे छापल्या जाणाऱ्या या वाक्यावरून वाचकाची नजर सहज पुढे सरकते. पण चोरीची जवळजवळ सगळी पद्धत त्यातच सांगितलेली असते. घर बंद होते, म्हणजे आत कोणी नव्हते आणि ते बाहेरून कळत होते. तुटला तो कोयंडा. कुलूप पुष्कळदा धडधाकट अवस्थेत उंबरठ्याजवळ पडलेले सापडते. घरमालकाने पैसे खर्च केलेले असतात ते मात्र कुलपावर.

गोव्यात बंद घर ही अपवादाची गोष्ट राहिलेली नाही. तरुण पिढी मुंबई-पुण्यात, आखातात किंवा युरोपात, मूळ घरात वृद्ध आई-वडील आणि त्यांच्या पश्चात दाराला कुलूप, हे चित्र वाड्यावाड्यांवर दिसते. चतुर्थीच्या दिवसांत याच्या उलट घडते. मूळ घरे भरतात आणि पणजी, मडगाव, वास्को, म्हापशातील सदनिका एकाच वेळी रिकाम्या होतात. लग्नसराई, मे महिन्याची सुट्टी, गावची जत्रा यांचेही तसेच. कोणत्या दिवशी कोणती घरे बंद असतील हे ज्या दिनदर्शिकेवरून गृहिणीला कळते, तिच्यावरूनच ते चोरालाही कळते.

कायद्याच्या भाषेत चोरी, घरफोडी, जबरी चोरी आणि दरोडा हे वेगवेगळे गुन्हे आहेत, आणि हा फरक पुढे तक्रार व विमा या दोन्ही ठिकाणी कामी येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये चोरीची व्याख्या आहे. राहत्या घरातून, प्रवासी किंवा मालवाहू वाहनातून, तसेच देवस्थानातून मूर्तीची झालेली चोरी कलम ३०५ खाली येते व तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. चोरीच्या हेतूने रात्री केलेल्या घरफोडीला कलम ३३१ नुसार चौदा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. बळाचा वापर किंवा तत्काळ इजेची भीती आली की ती जबरी चोरी. पाच किंवा अधिक जणांनी मिळून ती केली की दरोडा. घरफोडीसाठी काही फोडलेच पाहिजे असेही नाही. कुलूप उघडून, भिंतीवरून चढून, किंवा माणसाने ये-जा करण्यासाठी नसलेल्या वाटेने आत शिरणे, हीदेखील कायद्याने घरफोडीच.

दार, कोयंडा आणि चौकट

जुन्या घरांच्या दारांना आतून अडसर असे. मराठीत या शब्दाला आज ‘अडथळा’ एवढाच अर्थ उरला आहे. मुळात तो दारामागे आडवा सरकवायचा लाकडी दांडा. भिंतीतल्या खोबणीत दोन्हीकडून बसणारा अडसर बाहेरून लाथा घालून मोडत नाही, कारण जोर दारावर न राहता भिंतीवर जातो. त्याची एकच अडचण, तो लावायला आत माणूस लागतो. म्हणून बाहेरगावी जाताना मागचे दार अडसराने आणि पुढचे दार कुलपाने बंद होते, आणि घराचे सर्वात भक्कम दिसणारे पुढचे दारच सर्वात कच्चे ठरते.

कोयंडा कच्चा असतो तो त्याच्या स्क्रूंमुळे. बाजारात मिळणाऱ्या कोयंड्यासोबत येणारे स्क्रू आखूड असतात. ते लाकडात जेमतेम रुततात. पावसाळ्यात फुगून आणि उन्हाळ्यात आकसून पाच-दहा वर्षांत लाकडाची पकड सैल झालेली असते. लोखंडी पहार कोयंड्याखाली घालून एक हिसका दिला की चारही स्क्रू बाहेर येतात. उपाय स्वस्त आहे. जाड पत्र्याचा कोयंडा घेऊन तो आरपार बोल्टने बसवावा आणि आतल्या बाजूला वॉशर व नट आवळावे. चौकटीवरची कडीही तशीच बसवावी. गावातला सुतार हे काम थोड्या वेळात करून देतो. कुलपाची कडी बाहेर जितकी कमी दिसेल तितके चांगले. कडी झाकलेल्या कुलपाला कापायला हत्याराची पकड मिळत नाही.

तरीही बाहेरून लावलेल्या कुलपात एक दोष राहतोच. ते रस्त्यावरून दिसते आणि घरात कोणी नाही हे सांगते. दाराच्या जाडीत बसणारे कुलूप किंवा आतल्या बाजूने बसवलेले नाईट लॅच यांना हा दोष नाही. आत माणूस आहे की नाही, हे बाहेर दिसणाऱ्या किल्लीच्या भोकावरून कळत नाही. मात्र नुसत्या ओढून बंद होणाऱ्या लॅचची जीभ पातळ पट्टीने मागे सरकवता येते. बाहेर पडताना किल्ली फिरवून पूर्ण कुलूप लावण्याची सवय नसेल तर महागडे लॅचही अर्धेच काम करते. नवे घर किंवा सदनिका घेतली, भाडेकरू बदलला किंवा किल्ली हरवली, तर कुलपाचा गाभा बदलून घ्यावा. जुन्या किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत, हे आधीच्या मालकालाही आठवत नसते.

चौकट भिंतीला पक्की नसेल तर वरच्या सगळ्या गोष्टी व्यर्थ. वाळवीने आतून पोखरलेली चौकट रंगाखाली शाबूत दिसते. बोटांनी ठोकून पाहिली तर पोकळ वाजते. दार बाहेर उघडणारे असेल तर बिजागऱ्या बाहेर येतात आणि त्यांच्या खिळी ठोकून काढता येतात. अशा दाराला आतून बिजागरीच्या बाजूनेही एक-दोन लोखंडी खुंट्या बसवतात. दार मिटले की त्या चौकटीतल्या भोकांत जातात.

छप्पर, खिडक्या आणि मागची बाजू

कौलारू घराचे छप्पर हेही एक दारच आहे. मंगळुरी कौल वाशांवरच्या पट्ट्यांवर नुसते अडकवलेले असते. चार कौले सरकवली की माणूस उतरेल एवढी जागा होते, आणि पावसाच्या आवाजात शेजाऱ्याला काही ऐकूही येत नाही. मंदिरांतल्या फंडपेट्या फोडणारेही ही वाट वापरतात. माडी किंवा फळ्यांचे छत असेल तर ते आपोआप दुसरा अडथळा बनते. ते नसेल तर निदान ज्या खोलीत कपाट आहे तिच्यावर कौलांखाली लोखंडी जाळी बसवून घ्यावी. आणि शिडी घराबाहेर ठेवू नये. माडावर चढण्यासाठी, कौले परतण्यासाठी ठेवलेली शिडी, परसातली पहार, कोयता ही चोराची आयती हत्यारे होतात. पुष्कळ घरफोड्यांत चोर रिकाम्या हातांनी येतो.

खिडक्यांचे गज लाकडी चौकटीत बसवलेले असतात. जुन्या चौकटीचा एक तुकडा कापला की गज वाकवता येतो. म्हणून ग्रील भिंतीत रोवलेली असावी. येथे मात्र एक सावधगिरी हवी. घराच्या प्रत्येक खिडकीला कायमची ग्रील ठोकून टाकली आणि रात्री स्वयंपाकघरात आग लागली, तर घरातल्या माणसांना बाहेर पडायला वाट उरत नाही. झोपण्याच्या खोलीतल्या एका खिडकीची ग्रील आतून उघडणारी असावी आणि तिची किल्ली अंधारातही हाताला लागेल, पण बाहेरून हात घालून घेता येणार नाही, अशा जागी असावी. दागिन्यांचे मोल माणसांच्या जिवापेक्षा जास्त नाही, हे ग्रील बसवणाऱ्या कारागिराला बहुधा कोणी सांगत नाही.

कुंपणात किंवा दाराच्या कडीत वीजप्रवाह सोडण्याचा ‘उपाय’ अजूनही अधूनमधून सुचवला जातो. तो करू नये. त्यात चोरापेक्षा शेजारचे मूल, गुरे किंवा वीजबिल द्यायला आलेला माणूस मरण्याची शक्यता अधिक, आणि तसे झाले तर घरमालकच आरोपी होतो.

रिकामेपणाच्या खुणा

फाटकात साचलेली वर्तमानपत्रे, दुधाची न उचललेली पिशवी, अंगणातला न झाडलेला पाचोळा, तुळशीपुढे दिवा नाही, दिवसाढवळ्या बल्कावात जळत राहिलेला दिवा, या खुणा वाचायला फार हुशारी लागत नाही. शेवटची खूण विशेष फसवी आहे. घरात कोणी आहे असे वाटावे म्हणून लोक दिवा चालू ठेवून जातात. रात्री तो उपयोगी पडतो, पण दुसऱ्या दिवशी दुपारी तोच दिवा घर रिकामे असल्याचे जाहीर करतो. ठरावीक वेळेला लागणारा व विझणारा टायमर किंवा उजेड पाहून बंद होणारा दिवा बसवला तर हा घोटाळा टळतो. मागच्या बाजूला, न्हाणीघराकडे, हालचाल टिपून लागणारा दिवा अधिक उपयोगाचा. एरवी अंधाऱ्या जागी अचानक उजेड पडला की शेजाऱ्याचेही लक्ष जाते.

शेजारी हाच या सगळ्यातला सर्वात जुना आणि अजूनही सर्वात भरवशाचा उपाय आहे. अंगण झाडणे, वर्तमानपत्र उचलणे, दिवसातून एकदा घराला फेरी घालणे एवढे कोणी केले तरी घर राहते दिसते. दीर्घ काळ बाहेर जाणार असल्यास स्थानिक पोलीस ठाण्यालाही कळवावे. गस्तीवरच्या शिपायाला कोणते घर बंद आहे हे माहीत असले तर तिथे दिसणारा उजेड त्याला खटकतो. प्रवासाची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकायचीच असतील तर परतल्यावर टाकावीत.

घरात एकटे राहणाऱ्या वृद्धांचा प्रश्न वेगळा आहे. तिथे चोर रात्री दार फोडून नव्हे, तर दुपारी दार वाजवून येतो. दागिने उजळून देणारा, गॅसची तपासणी करणारा, पाण्याच्या मीटरची नोंद घेणारा अशी रूपे ठरलेली आहेत. दाराला भिंग आणि आतून साखळी असावी, आणि ओळखपत्र पाहिल्याशिवाय साखळी काढायची नाही हे घरात आधीच ठरलेले असावे. अडचणीच्या वेळी ११२ हा एकच क्रमांक लक्षात ठेवला तरी पुरे.

कॅमेऱ्याचा उपयोग आणि मर्यादा

सीसीटीव्ही कॅमेरा चोर थांबवत नाही; झाले तर तो पुढच्या तपासाला मदत करतो. तीही तो नीट बसवला असेल तरच. छपराच्या वळचणीला उंचावर लावलेल्या कॅमेऱ्यात टोपी आणि खांदे दिसतात, चेहरा दिसत नाही. निदान एक कॅमेरा दाराशी येणाऱ्याचा चेहरा समोरून टिपेल अशा उंचीवर हवा. चित्रणाचा डबा दूरदर्शन संचाशेजारी ठेवण्याची प्रथा आहे; चोर जाताना तोही घेऊन जातो. तो माळ्यावर किंवा कुलूपबंद कपाटात ठेवावा, किंवा चित्रण घराबाहेर साठवले जाईल अशी सोय घ्यावी. पावसाळ्यात वीज तासन् तास जाते, म्हणून कॅमेऱ्याला इन्व्हर्टरची जोड हवी. यंत्रातले घड्याळ बरोबर आहे ना, हे महिन्यातून एकदा पाहावे. चुकीची वेळ दाखवणारे चित्रण न्यायालयात उलट प्रश्न उभे करते. कॅमेऱ्याचा रोख शेजाऱ्याच्या दारा-खिडकीवर नसावा.

चोरी झाल्यावर मोबाईलवर उतरवून घेतलेला तुकडा गावभर फिरतो, पण मूळ चित्रण पुसले जाते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार असा पुरावा सादर करताना ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. त्यासाठी मूळ यंत्र सुरक्षित ठेवून ते पोलिसांच्या स्वाधीन करणे हिताचे. किती दिवसांनी जुने चित्रण पुसले जाते, हे यंत्र बसवणाऱ्याकडून आधीच विचारून घ्यावे.

सोने, लॉकर आणि विमा

घरफोडीत जाते ते मुख्यतः सोने आणि रोकड. सोने वितळले की त्याची ओळख संपते, म्हणून ओळख आधी नोंदवून ठेवणे महत्त्वाचे. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क असलेले नवे दागिने विकताना त्यांवर सहा अक्षर-अंकांची स्वतंत्र खूण असणे बंधनकारक आहे. ही खूण प्रत्येक दागिन्याची वेगळी असते. पावतीवर ती उतरवून घ्यावी. आजीकडून आलेल्या जुन्या दागिन्यांना ती नसते. त्यांचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र, वजन, डाग दिलेली किंवा दुरुस्त केलेली जागा यांची नोंद करून ती घराबाहेर, एखाद्या नातेवाईकाकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी. हे काम कोणीच करत नाही, आणि पोलीस ठाण्यात ‘पाटल्या कशा होत्या?’ या पहिल्याच प्रश्नाला उत्तर सापडत नाही.

बँकेचे लॉकर घराच्या कपाटापेक्षा निश्चित सुरक्षित, पण त्यातल्या ऐवजाची पूर्ण भरपाई बँक देते हा समज चुकीचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर यांमुळे नुकसान झाल्यास बँकेचे दायित्व लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. भाडे दोन हजार असेल तर दोन लाख. आत वीस लाखांचे दागिने असले तरी तेवढेच.

घराच्या विम्याबाबतही असाच गैरसमज आहे. २०२१ पासून सर्व विमा कंपन्या विकत असलेली ‘भारत गृह रक्षा’ ही योजना मुख्यतः आग, वादळ, पूर, भूकंप अशा संकटांसाठी आहे. तिच्यात चोरीचा समावेश आहे, पण अशा एखाद्या संकटानंतर सात दिवसांच्या आत झालेल्या चोरीपुरताच. कोरड्या ठणठणीत दिवशी झालेल्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. त्यातही ‘बळाने प्रवेश’ ही अट असते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ती अट ग्राह्य धरली आहे. बनावट किल्लीने दार उघडून केलेला प्रवेश फौजदारी कायद्याने घरफोडी असला, तरी विमा कंपनीच्या लेखी तो तसा असेलच असे नाही. कराराची ती दोन वाक्ये हप्ता भरण्यापूर्वी वाचावीत.

वाहन

दुचाकी चोरणे घर फोडण्यापेक्षा सोपे असते. कदंब बसस्थानकावर किंवा रेल्वे स्थानकाबाहेर सकाळी लावलेली दुचाकी संध्याकाळपर्यंत कोणी पाहत नाही, आणि ती पत्रादेवी, दोडामार्ग, मोले किंवा पोळे यांपैकी एखाद्या सीमेपलीकडे जायला फार वेळ लागत नाही. हँडलला लागणारे मूळ कुलूप बळाच्या एका झटक्याने तुटते. त्याच्या जोडीला चाकाच्या डिस्कला लावायचे कुलूप किंवा जाड साखळी वापरावी, आणि साखळी नुसत्या चाकातून न घालता खांब, गज अशा हलवता न येणाऱ्या वस्तूला बांधावी. नुसते चाक अडकवलेली दुचाकी दोघे जण उचलून टेम्पोत टाकू शकतात. घरातही अंगणात उघड्यावर लावण्याऐवजी पडवीत, जमिनीत रोवलेल्या कड्याला बांधलेली बरी. दुकानासमोर ‘दोन मिनिटांसाठी’ किल्ली लावूनच उतरण्याची सवय जितकी सर्रास, तितकीच महागात पडणारी. विमा कंपनी असा दावा निष्काळजीपणाचे कारण देऊन नाकारते किंवा रक्कम कापते.

चारचाकीत आजकाल किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. तरीही गाडीतल्या वस्तूंची चोरी होतेच. काचेआड दिसणारी पिशवी हे त्याचे नेहमीचे निमित्त. जीपीएस यंत्र बसवायचे तर ते सहज सापडणार नाही अशा जागी. त्याचे सिमकार्ड रिचार्ज करायचे राहून गेले तर यंत्र असून नसल्यासारखे, हेही ध्यानात ठेवावे.

१ एप्रिल २०१९ नंतर तयार झालेल्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी कारखान्यातूनच मिळते. तिच्यावर लेझरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक असतो आणि ती बसवणारे कुलूपवजा खिळे एकदा काढले की पुन्हा वापरता येत नाहीत. जुन्या वाहनांनाही ती बसवून घेता येते. पट्टी बदलून चोरीचे वाहन फिरवणे तिच्यामुळे अवघड होते.

वाहनाच्या विम्यात केवळ त्रयस्थ पक्षाचा विमा असेल तर चोरीची भरपाई मिळत नाही. सर्वसमावेशक विम्यात मिळते ती वाहनाच्या घोषित मूल्याइतकी. हे मूल्य दरवर्षी घटते आणि चार ते पाच वर्षांच्या वाहनाला मूळ किमतीच्या निम्मे धरले जाते. दाव्याच्या वेळी कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. दुसरी किल्ली हरवली असेल तर तिची तक्रार आधीच नोंदवलेली असावी. चोरी कळताच पोलिसांकडे तातडीने जावे आणि कंपनीलाही त्याच दिवशी कळवावे. पोलिसांकडे तत्काळ तक्रार झाली असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवले म्हणून खरा दावा नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. पण तेथपर्यंत जाण्याची वेळ कोणावर येऊ नये. जुने वाहन विकत घेणाऱ्याने राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ या सुविधेवर ते चोरीचे म्हणून नोंदलेले नाही ना, हे इंजिन व चेसिस क्रमांक घालून पाहावे. पैसे देण्याआधी ते क्रमांक प्रत्यक्ष वाहनावर वाचून पाहणेही तितकेच गरजेचे.

चोरी झाल्यावर

दार फोडलेले दिसले तर आत जाऊ नये. चोर अजून आत असू शकतो. पोलीस येईपर्यंत कपाट, ड्रॉवर, कुलूप यांना हात लावू नये. काय गेले ते पाहण्याच्या घाईत ठसे पुसले जातात आणि श्वानाला माग मिळत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार घटना कोणत्याही ठाण्याच्या हद्दीत घडली असली तरी तक्रार जवळच्या ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक माध्यमातून पाठवली तर तीन दिवसांच्या आत जाऊन तिच्यावर सही करावी लागते. प्राथमिक माहिती अहवालाची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी. गेलेल्या वस्तूंची यादी त्याच दिवशी अपुरी राहिली तर नंतर पुरवणी जबाब देता येतो. आठवत नसलेल्या वस्तू अंदाजाने लिहू नयेत.

चोर गावकऱ्यांच्या हाती लागला तर नागरिकालाही त्याला पकडण्याचा अधिकार आहे, पण विनाविलंब आणि उशिरात उशिरा सहा तासांत त्याला पोलिसांच्या ताब्यात दिले पाहिजे. मारहाण झाली तर पकडणारेच गुन्ह्यात अडकतात.

ऐवज सापडला तरी तो लगेच घरी येत नाही. तो मुद्देमाल म्हणून जप्त होतो. पूर्वी वाहने पोलीस ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षे गंजत पडत. जप्त वस्तू विनाकारण ठाण्यात अडकवून ठेवू नयेत, छायाचित्रे व पंचनामा करून आणि हमी घेऊन त्या मालकाला परत द्याव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले आहे. नव्या संहितेच्या कलम ४९७ नुसार वस्तू न्यायालयापुढे आल्यापासून चौदा दिवसांत तिचे वर्णन तयार करून छायाचित्र किंवा चित्रीकरण करायचे, आणि त्यानंतर तीस दिवसांत तिच्या विल्हेवाटीचा आदेश द्यायचा, अशी मुदत घातलेली आहे. त्यासाठी मालकाने न्यायालयात स्वतः अर्ज करावा आणि पावती, छायाचित्र, नोंदणीपत्र यांपैकी मालकी दाखवणारे काहीतरी त्याला जोडावे.